कॅप्टन कडूबाच्या बारा फडफडी

एका जंगलात, मुलांनो, बरोबर मधोमध एक दरी होती. दरीच्या अलीकडे अलीकडचं रान आणि पलीकडे पलीकडचं रान. नावं ठेवणारा काही फार हुशार नव्हता, पण चुकला म्हणून कोणी म्हणणार नाही.

या रानातून त्या रानात जायचं तर दरी उतरा, नदी ओलांडा, पुन्हा दरी चढा. तीन दिवस मोडायचे आणि पायांचे तुकडे पडायचे. त्यामुळे अलीकडची सासू पलीकडच्या सुनेला वर्षातून एकदाच भेटे. दोघी अगदी सुखात होत्या. मग जंगलात विमान कंपनी आली.

हसायला काय झालं? तुमच्या शहरात येते, तर जंगलानं काय पाप केलंय?

कंपनीचं नाव पिसाजी उड्डाण मंडळी. मालक पिसाजीराव मोर. आता तुमच्यातला तो पुढच्या रांगेतला शहाणा विचारेल, मोराला कुठं धड उडता येतं? येतं की! जमिनीवरून आंब्याच्या फांदीवर, तेवढं येतं. पण बाळा, कंपनी चालवायला उडता यावं लागत नाही, पिसारा लागतो. पिसाजीराव रोज कड्यावर उभे राहून पिसारा फुलवत. प्रवासी आ वासून बघत आणि बघता बघता टोपलीत बसत.

टोपली उचलायला होती गिधाडं. एका टोपलीला एक गिधाड. वेलीचा दोर पायात धरायचा आणि निघायचं. त्यांच्यातला सगळ्यांत जुना होता कडूबा. आपली गोष्ट त्याचीच आहे.

कंपनी येण्याआधी कडूबाला कुत्रं विचारत नव्हतं. सकाळी सकाळी गिधाड दिसलं की ससे तीनदा थुंकायचे आणि बिळात परत जायचे. एखादा म्हातारा कोल्हा आजारी असला आणि त्याच्या घरावरून कडूबा चुकून उडाला, की कोल्ह्याची पोरं दगड घेऊन धावत बाहेर यायची. "अजून आहे तो! जिवंत आहे! चालते व्हा!" आता पोटासाठी जे खातो ते खातो, त्यात कडूबाचा काय दोष? पण ऐकतो कोण.

कंपनीत लागला आणि सगळं पालटलं. तेच ससे आता म्हणू लागले, "नमस्कार, कॅप्टनसाहेब." त्याच कोल्ह्याची पोरं म्हणू लागली, "कॅप्टनसाहेब, वडिलांना खिडकीकडची जागा द्या." टोपलीला खिडकी नसते, पण कडूबा द्यायचा. काम संपवून झाडावर बसला की तो शब्द स्वतःशीच एकदा म्हणून बघायचा. कॅप्टनसाहेब. पगारात मांसाचा वाटा मिळे, तोही बरा होता. प्रवासी भाडं म्हणून फळं आणि मध देत, आणि त्या मधाच्या बदल्यात नदीकाठचा तरस ठेकेदार मेलेली जनावरं पुरवी. प्रवाशांचे नातेवाईक वगळून, असं करारात लिहिलेलं होतं. पण खरं सांगू? कडूबाला त्या वाट्यापेक्षा तो शब्द गोड लागायचा.

आणि कॅप्टन होताही तसाच, बरं का. सकाळी कड्यावर येऊन बसायचा. बसून राहायचा. ऊन तापलं, दरीतली गरम हवा वर चढू लागली, मानेखालची पिसं थरथरली, की म्हणायचा, "बसा मंडळी." मग पंख उघडायचा तो थेट पलीकडे जाऊनच मिटायचा. मधे एकदासुद्धा पंख हलवायचा नाही. हवाच उचलून न्यायची. टोपलीत साळूबाई साळिंदर पाण्याचा द्रोण हातात धरून बसायची, थेंब सांडायचा नाही. साळिंदराशेजारी बसायला एरवी कोणाची छाती होते? पण कडूबाच्या टोपलीत ससा तिच्या काट्यांना टेकून डुलक्या घ्यायचा.

एक दिवस साळूबाई उतरता उतरता म्हणाली, "कॅप्टनसाहेब, लेकीला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं पलीकडच्या रानात बारसं आहे. आम्हाला सगळ्यांना तुम्हीच न्यायचं, आणि नेऊन परत फिरायचं नाही. घुगऱ्या खाऊन जायचं. पाळण्याजवळ पहिली जागा तुमची."

कडूबाला ऐकू आलं ते खरं वाटेना. गिधाडाला बारशाचं बोलावणं! त्याच्या घराण्यात मर्तिकाला सगळे जाऊन आले होते, तेही बिनबोलावता. बारशाला आजवर कोणी गेलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवसापासून तो गळ्याभोवतीची मऊ मऊ पिसं एकेक करून जमवू लागला. बाळाला उशी करायची होती.

आता गोष्टीत येतात वाघुळेसाहेब.

वाघुळेसाहेब म्हणजे वटवाघूळ. दिवसभर वडाच्या फांदीला डोकं खाली करून लटकत. त्यांना सगळं जग उलटं दिसे, म्हणून ते सल्लागार झाले होते. पिसाजीरावांना कोणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्यांत सल्लागार असतो. मग काय, हौसेला मोल नाही. साहेबांना कड्यावरच्या झाडाला आणून लटकवलं.

साहेबांनी आठ दिवस पाहणी केली. नवव्या दिवशी अहवाल दिला.

"मालक, ही गिधाडं सकाळपासून कड्यावर बसून काय करतात?"

"उन्हाची वाट बघतात म्हणे."

"आणि उडताना?"

"उडताना उडतात."

"पंख हलवतात का?"

पिसाजीरावांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. उड्डाणाच्या वेळी ते आपल्या पिसाऱ्याकडे बघत असत.

"नाही हलवत!" साहेब म्हणाले. "मी जातीनं मोजलंय. अख्खी दरी ओलांडतात, एकदा म्हणून पंख हलवत नाहीत. बसतात तेव्हा बसतात, आणि उडतात तेव्हाही बसल्यासारखेच. मालक, तुम्ही ऐतखाऊ पोसताय!"

पिसाजीरावांचा पिसारा एकदम मिटला. दुसऱ्या दिवशी कड्यावर फर्मान लागलं. यापुढं पगार फडफडीवर. जो जितका पंख फडफडवेल तितका त्याला वाटा. मोजायला प्रत्येक टोपलीत एक सरडा. दर फडफडीला सरड्यानं मान हलवायची आणि वहीत रेघ मारायची. सरडा तसाही दिवसभर मान हलवतच असतो. आता त्याचा त्याला पगार मिळू लागला.

कडूबा फर्मान वाचून थेट मालकांकडे गेला. "मालक, फडफडणं म्हणजे उडणं नव्हे हो. फडफडतो ते शिकाऊ पिल्लू. हवा नेत असते, आपण फक्त आड यायचं नाही, एवढंच काम. फडफडाल तर टोपली हिंदकळेल, आणि भूक लागेल ती वेगळीच."

पिसाजीराव हसले. "कॅप्टन, तुमचं वय झालं. उडणं हा आता शास्त्राचा विषय आहे. तुम्ही त्यात पडू नका."

कडूबा तिथून निघाला तो गिधाड संघटनेकडे. संघटनेचा सरचिटणीस खंडू. तरुण, तडफदार, आणि आवाज असा की ऐकणाऱ्यानं कान झाकावेत. कडूबाला वाटलं होतं, हा आता संप पुकारणार. बघतो तर खंडू पोट धरून हसतोय.

"काका, अहो लॉटरी लागली! मालकाला फडफड पाहिजे ना? देऊ की! पाहिजे तेवढी देऊ. पंखाला काय पैसे पडतात?"

"अरे, कंपनी खड्ड्यात जाईल."

"मालक आपल्या पायानं खड्ड्यात उडी मारतोय. तुम्ही मधे त्याचा हात कशाला धरता?"

"त्या खड्ड्यात आपणही आहोत ना रे?"

"आपल्याला पंख आहेत!" खंडू म्हणाला, आणि सभेत टाळ्या पडल्या.

करार झाला. दोन्ही बाजूंनी पंजे उमटवले. पिसाजीराव घरी जाऊन म्हणाले, "कसे गंडवले!" खंडू घरी जाऊन म्हणाला, "कसा गंडवला!" मुलांनो, मालक आणि कामगार यांचं इतकं एकमत जंगलात पुन्हा कधी झालं नाही.

मग जी फडफड सुरू झाली म्हणता! कड्यावर नुसती धूळ. काही गिधाडं उन्हाची वाटसुद्धा बघेनात, पहाटेच टोपली उचलून फडफडत सुटत. एकजण सरळ जायचं सोडून दरीवर तीन घिरट्या घाली, फडफड वाढावी म्हणून. एकजण जेवतानाही फडफडे, आणि सरडा शेजारी बसून मान हलवी. पूर्वी प्रवाशांच्या पोटातलं पाणी हलत नव्हतं, ते आता बाहेर येऊ लागलं. एक ससा उतरला तो दोन दिवस झाडाभोवती गोल गोल फिरत होता.

आणि फडफडलं की भूक लागते. साहजिक आहे. पूर्वी जो एका तंगडीत भागवायचा तो आता तीन तंगड्या मागू लागला. तरसाला द्यायचा मध थकू लागला. तो तरस, त्याची सहनशक्ती ती किती!

एकटा कडूबा फडफडेना. तो आपला तसाच कड्यावर बसे, ऊन तापलं की निघे, पंख पसरून अलगद पलीकडे उतरे. प्रवासी त्याच्याच टोपलीसाठी भांडत. पण सरड्याच्या वहीत त्याच्या नावापुढं रेघच नसे. आठवड्याचा वाटा म्हणून त्याला एक खूर मिळाला. तोही कुरतडलेला. कड्यावर फळी लागली : "या आठवड्यातील सर्वांत आळशी वैमानिक, कॅप्टन कडूबा, फडफड शून्य." खाली बारीक अक्षरात होतं की अशी तीन शून्यं झाली की टोपली काढून घेण्यात येईल.

पहिलं शून्य झालं. दुसरं शून्य झालं. आणि बारशाचा दिवस उजाडला.

साळूबाई नटूनथटून आली होती. काट्यांना तेल लावलं होतं. बरोबर दोन नणंदा, म्हणजे आणखी दोन साळिंदरं, शेजारचा ससा, आणि मांडीवर घुगऱ्यांची भलीमोठी दुरडी. कोपऱ्यात वही घेऊन सरडा. कडूबानं पिसांची उशी चोचीत धरली, पंख उघडले, टोपली उचलली. काय सुंदर हवा होती त्या दिवशी! काही करायची गरज नव्हती.

अर्ध्या दरीत सरडा खालून म्हणाला, "कॅप्टन, अजून शून्य आहे हं. आज आठवडा संपतो, म्हणजे हे तिसरं."

कडूबाला ती फळी आठवली. टोपली गेली तर काय उरणार? उद्यापासून पुन्हा ससे थुंकणार. पुन्हा दगड. आणि बारशाला जायचं ते कोण म्हणून? कॅप्टनसाहेब म्हणून बोलावलंय, गिधाड म्हणून नाही. त्याला माहीत होतं हे चुकतंय. पोटापासून, पंखापासून माहीत होतं. पण तो मनाशी म्हणाला, थोडीशीच. दहा-बारा. हळूच. कोणाला कळायचंसुद्धा नाही.

आणि कडूबा फडफडला.

अरे देवा! चढत्या हवेत पंख मारला तशी टोपली एका अंगावर गेली. दुसऱ्यांदा मारला, दुसऱ्या अंगावर. तीन साळिंदरं एकदम सशावर! ससा किंचाळून सरड्यावर, सरडा वहीवर. सावरायला म्हणून कडूबा आणखी फडफडला, आणि जितका सावरू जाई तितकं जास्त बिघडे. घुगऱ्यांची दुरडी उलटी झाली आणि बारशाचे हरभरे दरीत गारांसारखे पडत गेले. खाली नदीतले मासे जेवले. त्या दिवसाचा फायदा एवढाच.

पलीकडे उतरले तेव्हा जीव कोणाचा गेला नव्हता, पण सशाच्या अंगावर इतके काटे होते की दुरून तोच साळिंदर वाटत होता.

सरडा रडत रडत मान हलवत म्हणाला, "बारा! कॅप्टन, बारा फडफडी! अभिनंदन, शून्य टळलं!"

साळूबाईनं कडूबाकडे पाहिलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आत नका येऊ, कॅप्टन. पाहुणे घाबरलेत. उशी तेवढी ठेवा दारात."

नुसतं कॅप्टन म्हणाली ती. साहेब म्हणाली नाही. कडूबानं उशी दारात ठेवली. आतून पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं. त्याला रडू आलं, पण गिधाड रडलं तर लोक म्हणतात ढोंग करतंय, म्हणून तो तसाच कड्यावर जाऊन बसला.

पुढचं लांबण लावत नाही. प्रवासी यायचे थांबले. फळं थांबली, मध थांबला, तरसानं मांस थांबवलं. एक दिवस पिसाजीरावांनी पिसारा फुलवला तर समोर बघायला मुंगीसुद्धा नव्हती. त्यांनी पिसारा मिटला आणि जाहीर केलं, कंपनी बुडाली.

मग सुरू झाली खरी फडफड. तोंडांची. पिसाजीराव आंब्यावरून ओरडले, "गिधाडांनी फडफडून फडफडून कंपनी मारली! त्यांची सवयच आहे, कोणी मेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही!" खंडू कड्यावरून ओरडला, "फडफडीला पगार कोणी लावला? मोरानं! नाचता येतं म्हणून कंपनी चालवता येते होय?" तीन दिवस दरीत प्रतिध्वनीला विश्रांती मिळाली नाही.

शेवटी चौकशी बसली. पंच म्हणून हत्तीला नेमलं, कारण उडण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. साक्षीदार एकच, मोजणाऱ्यांपैकी एक सरडा.

पिसाजीराव म्हणाले, "सगळा दोष वैमानिकांचा." सरड्यानं मान हलवली.

खंडू म्हणाला, "सगळा दोष मालकाचा." सरड्यानं मान हलवली.

वाघुळेसाहेब झाडावरून म्हणाले, "माझा अहवाल सुलट होता, यांनी तो उलटा वाचला." सरड्यानं मान हलवली.

हत्तीचं डोकं दुखू लागलं, आणि हत्तीचं डोकं दुखलं की ते पुष्कळ दुखतं. "फडफडीच्या वह्या आणा," तो म्हणाला. सगळ्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या.

तेव्हा मागून कडूबा उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण बारशाच्या दिवसापासून त्या बारा फडफडी त्याला झोपू देत नव्हत्या.

"पंच, माझं ऐका. मालकांचं चुकलं, त्यांनी उडणं काय ते न बघता पगार लावला. आमच्या संघटनेचं चुकलं, आम्ही कळून सवरून टाळ्या वाजवल्या. आणि माझंही चुकलं. मला तर सगळ्यांत जास्त कळत होतं. तरी मी फडफडलो. बारा वेळा."

हत्तीनं कान उभे केले. "म्हणजे तू फडफडलास हे तुला कबूल आहे?"

"बारा वेळा. हो. पण बाकीचे..."

"बाकीच्यांचं सोड. पुरावा आहे का बाकीच्यांचा?"

नव्हता. सगळ्या जंगलात फडफडीचा आकडा असा हा एकच उरला होता. बारा. हत्तीनं सुटकेचा असा निःश्वास टाकला की पुढची रांग उडून गेली. निकाल लागला : पिसाजी उड्डाण मंडळी बुडाली ती कॅप्टन कडूबाच्या बारा फडफडींमुळे. त्यातही गंमत बघा. निकालपत्राच्या दुसऱ्या पानावर कंपनीच्या जुन्या फळीचा हवाला देऊन तो सर्वांत आळशी वैमानिक होता असंही लिहिलं.

पिसाजीरावांनी खंडूला मिठी मारली. खंडूनं पिसाजीरावांना मिठी मारली. आठ दिवसांत आंब्यावर नवी पाटी लागली : "लवकरच येत आहे, मोर-खंडू हवाई सेवा." सल्लागार लटकलेलेच होते, त्यांना हलवावंही लागलं नाही.

कडूबाची टोपली गेली. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर तो सवयीनं कड्यावरून निघाला, रिकाम्या पायांनी. हवेनं त्याला उचललं. त्यानं पंख पसरले आणि दरीवर तरंगू लागला. फार वर ढगाशी गेला. पंख हलत नव्हता. हे त्याचं काम होतं आणि ते त्याला अजून येत होतं, एवढंच समाधान.

खाली दरीत साळूबाई थोरल्या नातीला घेऊन पायी चालली होती. दुसरा दिवस होता, पायांचे तुकडे पडले होते. नातीनं आजीच्या पाठीवरून वर पाहिलं.

"आजी, ते काय गं?"

"गिधाड आहे, बाळा."

"ते पंख का नाही हलवत?"

साळूबाईनं हात वर करून दाखवलं. "आळशी मेलं! म्हणून तर कंपनी बुडाली. आणि आपण बघ, चालतोय."

गिधाडाचे डोळे फार तीक्ष्ण असतात, मुलांनो, पण इतक्या उंचावर ऐकू काही येत नाही. कडूबाला फक्त वर केलेला हात दिसला. त्याला वाटलं, साळूबाईनं ओळखलं. हात करतेय. त्याचा ऊर भरून आला, आणि उत्तर म्हणून त्यानं अगदी प्रेमानं एकदा पंख हलवला.

"बघ," साळूबाई म्हणाली, "हलवला तोही एकदाच."

तात्पर्य. हे वहीत लिहून घ्या, परीक्षेत येणार नाही, नोकरीत येईल : आपलं काम न हलता, न सांडता होत असेल तर ती लाजिरवाणी गोष्ट कोणाला दिसू देऊ नये. आणि चूक सगळ्यांची असेल तेव्हा आपल्या वाट्याची कधीही कबूल करू नये, कारण मग बाकीच्यांचीही आपल्यालाच मिळते.